न्हाणीतली परड आणि पाठ केलेले शब्द

आमच्या घरात त्याचं नाव घेत नाहीत. दिवसा 'जनावर' म्हणतात, दिवे लागल्यावर तेही म्हणत नाहीत. कुणाला चावलं तर 'पान लागलं' म्हणतात. बाबांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, माझ्या जन्माच्या आधी पान लागूनच गेली. त्यामुळे गावातल्या इतर घरांपेक्षा आमच्याकडे हा नियम जरा जास्तच कडक आहे. मी तिसरीत असताना संध्याकाळी धडा मोठ्याने वाचत होते आणि त्यात 'साप' आला. बाबा ताटावरून उठले, बॅटरी घेऊन सगळं अंगण, सगळे कोनाडे बघून आले आणि पुन्हा जेवायला बसले. मला एक शब्दही रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्या न रागावण्याची मला फार भीती वाटली.

दुसऱ्या शब्दाला तर नियमसुद्धा नव्हता, कारण तो कुणी उच्चारेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. लहान पोरांना 'नागडं' म्हणतात, तेवढंच. मोठ्या माणसाच्या अंगावर कपडे नाहीत हे सांगायचं असेल तर आमच्याकडे माणसं मान खाली घालतात आणि ऐकणारा समजून घेतो.

मी मेहकरच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा चौथी शिकले. दादाने दहावीनंतर शेत धरलं. वहिनी बारावी होऊन आमच्याकडे आली, तेव्हा माझ्याखालोखाल शिकलेली तीच. ही गोष्ट घडली तेव्हा तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

आमचे इंग्रजीचे सर शब्द शिकवतात ते चिठ्ठ्या टाकून. एक चिठ्ठी उचलायची, त्यावरचा शब्द डिक्शनरीत बघायचा, त्याच्या अर्थात जो नवा शब्द येईल तो पुन्हा बघायचा, आणि असं शब्दांचं एक घराणं तयार करून वर्गासमोर बोलायचं. माझ्या चिठ्ठीत 'स्नेक' निघाला.

"बे, हिच्या घरी तं नाव बी घेत नाहीत," मागच्या बाकावरचा आमच्याच गावचा मुलगा म्हणाला. "हे काय बोलन? नुसती फुसफुस करन!"

वर्ग हसला. मीही हसले, पण चिठ्ठी मुठीत चुरगळली.

ग्रंथालयात बसून मी शब्द काढायला लागले. सर्पंट, व्हायपर, फँग, व्हेनम, हिस. इथपर्यंत ठीक होतं. मग 'स्लफ' आला, म्हणजे कात. कात टाकण्याला 'शेड', तिथून 'स्ट्रिप', तिथून 'बेअर', आणि 'बेअर'च्या पुढ्यात 'नेकेड'. मी डिक्शनरी मिटली आणि ग्रंथपाल काका बघत तर नाहीत ना, ते पाहिलं. थोड्या वेळाने पुन्हा उघडली. तिथं लिहिलं होतं की इंग्रजीत तलवार नेकेड असते, दिव्याची ज्योत नेकेड असते, डोळासुद्धा नेकेड असतो. हे मला नवीन होतं. म्हणजे त्या लोकांनी हा शब्द कोंडून ठेवलेला नव्हता. तो घरभर फिरत होता.

तरी मी सरांकडे गेले. "सर, पुढचे दोन-तीन शब्द सोडले तं चालन का?"

"कोणते?"

मला सांगता येईना. मी डिक्शनरीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. सरांनी बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "शब्द आहे तो, बाई. शब्द चावत नाही."

मला ते पटलं नाही. आमच्याकडे शब्दच चावतो.

घरी मी ओट्यावर बसून पाठ करायला लागले. इंग्रजीत म्हणायला हरकत नव्हती, कारण बाबांना कळत नव्हतं. मी काय म्हणते हे त्यालाही कळत नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. 'त्याला' म्हणजे जनावराला. पण खात्री नव्हती. दिवे लागायच्या आत मी पुस्तक मिटत असे.

दोन दिवस वहिनीने ऐकलं, मग विचारलं, "ताई, काय पुटपुटून राह्यल्या हो रोज रोज?"

मी तिच्या कानात 'स्नेक' आणि 'नेकेड' या दोन शब्दांचे अर्थ सांगितले. पहिला ऐकून तिने भुवया उंचावल्या. दुसरा ऐकून तिने पदर तोंडात कोंबला आणि खांदे हलेपर्यंत हसली. "बाप्पा! आन हे मामाजींसमोर बोलून राह्यल्या तुमी?"

"बाबाले कुठं समजते?"

"मंग मले बी शिकवा."

तो आमचा खेळच झाला. आमची न्हाणी स्वयंपाकघराच्या मागे आहे. तिन्ही बाजूंनी दगडांची छातीइतकी भिंत, वर आभाळ, आणि चौथ्या बाजूला दोरीवर टाकलेली जुनी साडी. एका भिंतीला लागून पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा ढीग असतो, चुलीसाठी. वहिनी आंघोळीला गेली की पडद्याआडून हळूच म्हणायची, "ताई, टॉवेल. मी नेकेड." बाबा अंगणात बसलेले असायचे. आम्ही दोघी आपापल्या जागी हसू दाबायचो. लग्न होऊन आल्यापासून वहिनी घरात इतकी हळू बोलायची की तिचा खरा आवाज मी त्या खेळातच ऐकला.

सोयाबीन निघालं त्या आठवड्यातली गोष्ट. दादा माल घेऊन डोणगावला गेला होता. आई उंद्रीला मावशीच्या घरी बारशाला गेली होती. कॉलेजला सुट्टी होती. दुपारी वहिनी खळ्यावरून आली ती खाजेने हैराण होऊन, सोयाबीनचा भुसा अंगाला लागला की तसंच होतं. ती पाणी घेऊन न्हाणीत गेली. अंगणात बाबा आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका, दाभण-सुतळीने फाटकी पोती शिवत होते. मी ओट्यावर माझे शब्द म्हणत होते.

"ताई," पडद्याआडून आवाज आला.

"हाव."

"स्नेक."

मला हसू आलं. मला वाटलं, खेळच आहे.

"ताई. स्नेक. स्नेक. मी नेकेड."

तेव्हा मला तो आवाज कळला. त्यात हसू नव्हतं. श्वासच नव्हता. तिने ओरडायला हवं होतं आणि ती ओरडत नव्हती, कारण ओरडली असती तर बाबा आणि काका काठ्या घेऊन सरळ आत घुसले असते. आणि ती त्या भिंतींच्या आत तशी उभी होती.

मी उठले. पाय कसे उचलले ते आठवत नाही. पडद्याची कड जराशी सरकवून बघितलं. वहिनी पलीकडच्या भिंतीला पाठ लावून उभी होती, ओली, दोन्ही हात छातीवर. तिच्या आणि माझ्या मध्ये, पाण्याच्या हंड्याजवळ जनावर पडलं होतं. जाड, मातकट, पाठीवर साखळीसारखे गोल ठिपके. पुस्तकात त्याला घोणस म्हणतात, आमच्याकडे परड. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुटते तसा आवाज सतत येत होता. 'हिस' या शब्दाचा अर्थ मी पाठ केला होता. तो असा असतो हे मला माहीत नव्हतं.

वहिनीचे कपडे पडद्याच्या दोरीवर माझ्या बाजूला होते. तिची नजर कपड्यांवरच होती, परडीवर नव्हती. मी हळूच साडी ओढली, भिंतीला वळसा घालून पऱ्हाट्यांच्या बाजूने गेले आणि वरून तिच्याकडे सोडली. तिने ती झेलली. साडीचं सुटं टोक खाली परडीच्या अंगावर पडलं.

पुढचं इतकं पटकन झालं की मला नीट दिसलंही नाही. वहिनीने फक्त तोंडात साडी दाबली. एवढासा हुंदकासुद्धा आला नाही. परड पाणी जायच्या मोरीतून सरपटत बाहेर निघाली, तेव्हा काकांना तिची शेपटी दिसली.

"परड! भाऊ, परड व्हय!"

बाबा काठी घेऊन धावले, पण ती बांधाच्या दगडांत गेली होती. मी तोवर न्हाणीत गेले. वहिनीने साडी कशीबशी गुंडाळली होती आणि दोरीवरच्या परकराचा नाडा ओढून ती मांडीला, अगदी वर, करकचून बांधत होती. गाठ पक्की मारली. मला दोन थेंब रक्त दिसलं.

"वहिनी, बाबाले सांगते—"

"माई शपथ हाये तुमाले," ती म्हणाली. "अंगावर कपडा नोता. इथं चावली म्हणून सांगतलं तं सारे इथंच पाहतीन. मी मेली तरी चालन."

मी तिच्याकडे बघितलं. हे ती बोलायचं म्हणून बोलत नव्हती.

बाबा पडद्याबाहेर उभे होते. "सूनबाई, लागलं तं नाही ना काही?"

"नाई, मामाजी."

"लागलं, बाबा," मी म्हणाले. "पान लागलं तिले."

"कुठी?"

वहिनी पदर पुढे ओढून बाहेर आली आणि तिने घोट्याजवळ बोट दाखवलं. तिथं सकाळी सोयाबीनच्या खुंटाने ओरखडलं होतं. अर्धी शपथ मोडली होती, उरलेली मोडायची हिंमत होईना.

शेजारची आजी कडुनिंबाचा पाला घेऊन आली. आमच्याकडे अशा वेळी पाला चावायला देतात. गोड लागला तर विष चढलं असं समजतात. वहिनीने चावला. "कडू लागून राह्यला," ती म्हणाली. आजीने हुश्श केलं. "मंग काही नाही. नुसती फुसकारली असन. पोरीचं नशीब." काकाही म्हणाले की बसू दे थोडं. पण बाबा कुणाचं ऐकत नव्हते. आत्या गेली तेव्हाही कुणीतरी 'बसू द्या थोडं' म्हटलं असेल का, हे मी त्यांना कधी विचारलेलं नाही.

काकांच्या मालाच्या गाडीत आम्ही मेहकरला निघालो. वहिनी माझ्या खांद्याला टेकून होती. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला तिचा हात मांडीकडे जायचा आणि मध्येच थांबायचा. मला एकच गोष्ट सुचत होती. आठवडाभर मी ओट्यावर बसून तेच नाव घेत होते. न्हाणी तिथून चार पावलांवर. मीच तर बोलावलं नाही?

सरकारी दवाखान्यात डॉक्टर तरुण होते, आमच्या बाजूचे वाटत नव्हते. बाबांनी "पान लागलं" म्हटल्यावर ते क्षणभर थांबले, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "साप चावलाय, सर." बाबांनी तो शब्द ऐकला आणि डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी काचेच्या छोट्या नळीत वहिनीचं रक्त घेतलं आणि न हलवता टेबलावर ठेवलं. "विष चढलं तर रक्त गोठत नाही. हे गोठतं का बघायचं. कुणी हात लावू नका." मग घोटा तपासला. दाबून बघितला. "इथे सूज नाही. हे ओरबाडलेलं दिसतंय, डंखासारखं नाही. ताई, नीट आठवा, दुसरीकडे कुठे लागलंय का?"

वहिनीने मान हलवली. नाही.

खाटेभोवती बाबा, काका आणि गाडीतून आलेले गावातले दोघे उभे होते. सगळ्यांच्या नजरा तिच्या घोट्यावर. तिचा चेहरा मेणासारखा झाला होता. तिने एकदा उलटी केली. हिरडीतून रक्ताची बारीक रेघ आली, ती तिने पदराने पुसली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात शपथ होती.

मला सांगायचं होतं. मराठीत मला ते वाक्य सुरूच करता येईना. 'मांडी' म्हटलं की त्या सगळ्या नजरा घोट्यावरून उठून वर गेल्या असत्या. बाबांसमोर, काकांसमोर मी तो शब्द उच्चारलाच नसता, माझी जीभच वळली नसती. आणि वहिनीने मला आयुष्यभर तोंड दाखवलं नसतं. पण तिचं आयुष्य त्या नळीजवळ ठेवलेलं होतं, हेही मला दिसत होतं.

वर्गात मी इंग्रजीतून एकही वाक्य धड बोलले नव्हते.

"सर," मी म्हणाले. "नॉट हिअर. थाय."

डॉक्टरांनी मान वर केली.

"शी वॉज बेदिंग. नेकेड. शी हॅज टाय… टाइट रोप. इनसाइड. शी इज नॉट टेलिंग. प्लीज, सर. ऑल मेन."

एवढंच. त्यात किती चुका होत्या ते मला आता माहीत आहे. डॉक्टर त्याच भाषेत हळू म्हणाले, "ओके. यू स्टे."

ते पुरुषांना बाहेर जायला सांगणार होते. त्याआधीच बाबा वळले. त्यांनी काकांच्या दंडाला धरलं. "चला बाहेर. सारे चला. पोट्टी डॉक्टरसंग बोलून राह्यली." काका म्हणाले, "काय म्हणते ते तं समजू दे." बाबा म्हणाले, "आपल्यासाठी नाही ते."

पडदा ओढला. वहिनीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी तिचं डोकं धरून बसले. डॉक्टरांनी आधी सलाईन लावलं, मग सिस्टरांनी नाड्याची गाठ हळूहळू सैल केली. खाली मांडी काळीनिळी होऊन दुप्पट फुगली होती. सिस्टर एकही शब्द बोलल्या नाहीत, नुसता चादरीचा कोपरा जिथवर हवा तिथवर ओढून घेतला. मग डॉक्टरांनी नळी उचलून तिरकी केली. आतलं रक्त पाण्यासारखं वाहून काठाला आलं.

"लगेच सुरू करा," ते सिस्टरांना म्हणाले.

औषध तिच्या अंगात जात राहिलं. मी कोपऱ्यात स्टुलावर बसले. मला सारखं ते तिरक्या नळीतलं रक्त दिसत होतं. सरांचं वाक्य आठवत होतं आणि ते खरं की खोटं, ठरवता येत नव्हतं. शब्द चावत नाही.

सकाळी डॉक्टरांनी पुन्हा नळी भरली आणि टेबलावर ठेवली. आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहिलो. वहिनीचे ओठ फुटले होते, पण डोळे उघडे होते.

"ताई," ती म्हणाली, "काय बोलल्या तुमी मामाजींसमोर?"

"तेच. आपले शब्द."

"दोन्ही?"

"दोन्ही."

तिने चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. मला वाटलं, आता ती कधीच माझ्याशी बोलणार नाही. मग मी तिला रस्त्यात मनात आलेलं सांगितलं, की मीच रोज नाव घेऊन परडीला बोलावलं असेल.

वहिनीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "काहीही. इंग्रजीत बोलावल्यावर यायले ते काय कॉलेजात जाते?" आणि हसायला गेली, तर ओठातून रक्त आलं, म्हणून थांबली.

डॉक्टर आले. नळी उचलली. तिरकी केली. रक्त जागचं हललं नाही. त्यांनी नळी उलटी केली, तरी ते घट्ट बसून राहिलं.

मी बाहेर आले. बाबा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले होते. रात्रभर तिथेच होते. दादा मध्यरात्री येऊन पोहोचला होता, तो चहा आणायला गेला होता. मी सांगितलं, वहिनी वाचली. बाबांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि टोपीकडेच बघत राहिले.

"बाई," ते म्हणाले, "तुवं डॉक्टरले सांगतलं ते लय बरं केलं."

"बाबा, मी—"

"नोको," ते म्हणाले. "काय सांगतलं ते मले सांगू नोको."

त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "न्हाणीले दार बसवाचं सांगतो मी तुया भावाले. पत्र्याचं. आन पऱ्हाट्या उचलून खळ्यावर नेऊन टाकाच्या."